देवीचं नुसतं मुखच का?

भाद्रपद उतरणीला लागला की या सदराच्या पत्रांचा नूर पालटतो. एरवी मुहूर्त, व्रतं आणि बाळाची नावं विचारणारे वाचक एकदम कुलदेवतेकडे वळतात. यंदा सगळ्यात जास्त पत्रं माहूरबद्दलची आली. माहूरची रेणुका कुलस्वामिनी असलेली घरं नागपुरात पुष्कळ. आमचंही त्यातलंच, तेव्हा उत्तरात थोडा पक्षपात झाला तर गोड मानून घ्या. नावं छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून खाली नुसत्या वस्त्या दिल्यात.

माझी सून पुण्याची. लग्नानंतर जोडप्याला घेऊन आम्ही माहूरला गेलो. दर्शन झालं, ओटी भरली. पायऱ्या उतरता उतरता तिनं विचारलं, "आई, देवीचं नुसतं मुखच का आहे? मुलानं शिर उडवलं ती हीच ना?" मी गप्प. मुलगा म्हणाला, "असेल." काय सांगू तिला?
– एक सासूबाई, त्रिमूर्तीनगर

सासूबाई, सून चौकस आहे, जपा तिला. मुलाच्या उत्तराकडे मात्र फार लक्ष देऊ नका.

रेणुका तीच. पण गडावरचं मुख म्हणजे परशुरामानं उडवलेलं शिर, असं माहूरची कथा म्हणत नाही. दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपण घरी बसून त्यांची एकच मोट बांधतो.

पहिली गोष्ट महाभारतातली. वनवासात पांडव तीर्थयात्रा करत महेंद्र पर्वतावर पोचतात, म्हणजे पार पूर्वेला, कलिंगाच्या बाजूला. तिथे परशुरामाचा शिष्य अकृतव्रण ती युधिष्ठिराला सांगतो. रेणुका प्रसेनजित राजाची मुलगी, जमदग्नींची बायको, पाच मुलांची आई. एकदा ती स्नानाला गेली असता चित्ररथ राजा जलक्रीडा करताना तिच्या नजरेस पडला आणि तिचं मन क्षणभर चळलं. घाबरलेली, ओलेती अशी ती आश्रमात परतली आणि जमदग्नींनी तिच्या चेहऱ्यावरूनच काय ते ओळखलं. मोठी मुलं एकेक करून घरी आली. रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू. प्रत्येकाला बापानं सांगितलं, हिला मार. चौघांच्याही तोंडून शब्द फुटेना. बापाच्या शापानं चौघंही पशुपक्ष्यांसारखी जड झाली. पाचवा राम आला आणि त्यानं परशू उचलला.

राग उतरल्यावर जमदग्नी म्हणाले, वर माग. त्यानं जे मागितलं ते बारकाईनं वाचा. आई उठू दे. तिला मारल्याची आठवण राहू नये. मला पाप लागू नये. भाऊ होते तसे होऊ देत. मग शेवटी स्वतःसाठी, युद्धात कुणी बरोबरी करू नये आणि दीर्घायुष्य. म्हणजे रेणुका सबंध उठली, शिर कुठे वेगळं उरलंच नाही. भागवताच्या नवव्या स्कंधातही थोड्या फरकानं हेच येतं. तिथे ती रेणूची मुलगी आहे आणि चित्ररथ गंधर्व आहे. या दोन्ही ठिकाणी माहूरचा उल्लेख नाही.

आता माहूरची स्वतःची गोष्ट. ती जमदग्नींच्या मृत्यूनंतर सुरू होते. सहस्रार्जुनाच्या वैरात जमदग्नी मारले गेले. परशुरामानं कावड घेतली. एका पारड्यात बापाचा देह, दुसऱ्यात आई. अंत्यसंस्कारासाठी कोरी भूमी हवी होती, जिथे आधी कुणाचं दहन झालेलं नाही अशी. खांद्यावर ते ओझं घेऊन तो देशभर फिरला आणि शेवटी या डोंगरावर, आमलीग्रामाच्या परिसरात, दत्तात्रेयांपाशी आला. दत्तात्रेयांनी आचार्यपद घेतलं, जागा दाखवली. परशुरामानं बाण मारून पाणी काढलं, तीच मातृतीर्थं-सर्वतीर्थं आजही दाखवतात. रेणुका सती गेली.

आणि मग हा एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करणारा वीर लहान पोरासारखा रडायला लागला. आई हवी. आकाशवाणी झाली, तुझी आई जमिनीतून वर येईल, पण तोवर मागे वळून बघू नकोस. त्याला दम निघेना. तो वळला. तेवढ्या वेळात मुखच वर आलं होतं, ते तिथेच थांबलं.

सुनेला ही सांगा. पहिल्या गोष्टीत बापाच्या शब्दाखातर आईवर परशू उचलणारा मुलगा आहे. दुसऱ्या गोष्टीत आईला बघायची घाई झालेला तोच मुलगा आहे. गडावर पुजारी आणि गोंधळी सांगतात ती दुसरी. परशुरामाचं देऊळही त्याच परिसरात आहे, आईला भेटून मुलाला भेटायचं अशी रीत.

माझं मत विचाराल तर आधी मुख होतं, गोष्ट मागून आली. आपल्याकडे अशा देवीला तांदळा म्हणतात. हात नाहीत, पाय नाहीत, आयुधं नाहीत. शेंदूर, डोळे आणि मळवट. आपल्या विदर्भात गावाच्या शिवेवरची मातामाय बघा, निंबाखाली शेंदूर माखलेला दगड असतो, त्याला कुणी विचारत नाही की बाई तुझं धड कुठाय. माहूरचा तांदळा सुमारे पाच फूट उंच आणि चार फूट रुंद. नाकात नथ, कपाळभर मळवट, ओठांशी विड्याचा रंग. एवढं मोठं मुख डोंगराच्या माथ्यावर बघितलं की माणसाला वाटणारच, बाकीची आई जमिनीत आहे. कुणीतरी त्या वाटण्याची गोष्ट केली. ज्यानं केली तो मोठा कवी होता.

शिराची गोष्ट रंगते ती दक्षिणेकडे, सौंदत्तीच्या यल्लम्माकडे आणि तिच्या बहिणींकडे. तिकडच्या लोककथांत रेणुका जीव वाचवायला गावकुसाबाहेरच्या वस्तीत पळते, तिला आसरा देणाऱ्या बाईचंही शिर जातं, आणि पुन्हा जोडताना शिरं-धडं अदलाबदल होतात. एका देहात दोन घरच्या दोघी. सून पुन्हा पायऱ्यांवर भेटली की हीही सांगा, तिला आवडेल.

शिवाय तिला रेणुकेची एक सौम्य गोष्टही द्या, जी आपल्या नागपूरकरांनी तरी विसरू नये. महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. जमदग्नी गंमत म्हणून बाण सोडतायत आणि रेणुका धावत जाऊन ते गोळा करून आणतेय. जेठातली दुपार. तिचे पाय आणि डोकं भाजून निघालं, म्हणून ती क्षणभर झाडाखाली थांबली. उशीर का झाला, नवऱ्यानं दरडावलं. ती म्हणाली, ऊन. तर हे महाशय थेट सूर्यावरच बाण रोखून उभे राहिले! सूर्य ब्राह्मणाचं रूप घेऊन आला, हात जोडले, आणि भेट म्हणून दोन वस्तू दिल्या, छत्री आणि चपला. मे महिन्यात सीताबर्डीवर ज्या दोन वस्तूंशिवाय पाऊल टाकता येत नाही त्या रेणुकेच्या भाजलेल्या पायांमुळे जगात आल्या. हे मी वर्गात शिकवायची तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करत.

गडावर आम्हाला सांगितलं की देऊळ पाच हजार वर्षांचं आहे. मुलगा मोबाइलवर बघून म्हणतो आठशे. खरं किती?
– एक वाचक, मानेवाडा

दोघंही वेगळ्या गोष्टींचं वय सांगतायत, त्यामुळे भांडण नको. पाच हजार हे श्रद्धेचं वय. परशुराम म्हटला की तिथे घड्याळ लावून उपयोग नाही. देवळाची मूळ बांधणी देवगिरीच्या यादवांच्या काळातली, आठ-नऊशे वर्षांपूर्वीची सांगतात. त्यानंतर भर पडत गेलेली, दुरुस्त्या झालेल्या. आज तुम्ही पाहता ते सगळं एका काळाचं नाही.

पण ठिकाण देवळाहून जुनं आहे. डोंगराच्या अंगाला कोरलेली लेणी आहेत, लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. कोरीव लेणी दिसली की ती पांडवांची, ही आपली जुनी खोड. पांडवांनी वनवासात काही केलं असेल-नसेल, छिन्नी-हातोडा घेऊन महाराष्ट्रभर फिरायला त्यांना वेळ नव्हता. ती लेणी देवळाच्या कितीतरी आधीची.

लिखित पुरावा हवा असेल तर महानुभावांकडे जा. इ.स. 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्राची, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींची जुळणी केली. त्या पंथाच्या वाङ्मयात माहूर 'मातापूर' म्हणून येतं. फलटणचे चांगदेव राऊळ या डोंगरावर आले, मेरुवाळ्याच्या तळ्याशी दत्तात्रेय वाघाच्या रूपात भेटले आणि डोक्यावर पंजा ठेवला, ही त्यांच्या परंपरेतली फार मोठी घटना. तेराव्या शतकात हे नाव रूढ होतं म्हणजे 'आईचं गाव' ही ओळख त्याआधी पक्की झालेली होती. दत्तात्रेयांचं रोजचं वेळापत्रक तर तुम्ही ऐकलं असेलच, स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि झोप माहूरला. आईच्या गावी झोप चांगली लागते, दुसरं काय! रेणुका, दत्त आणि अनसूया अशी तीन शिखरं जवळजवळ आहेत. त्यातल्या दोन शिखरांवर आया आहेत आणि मधल्या मुलाचा मुक्काम रात्रीचा, हे मला कायम गमतीचं वाटत आलंय.

आणि गडाची बाजू विसरू नका. बरेच भाविक किल्ला न बघताच परततात. बाप जहांगीर बादशहाविरुद्ध बंड करून पळत सुटलेला शहाजहान 1623 साली माहूरला आला, हत्ती आणि जड सामान इथल्या उदाराम देशमुखांच्या हवाली करून गोवळकोंड्याच्या वाटेनं ओडिशाकडे गेला. त्याच उदाराम घराण्यातली सावित्रीबाई पुढे मोगलांच्या बाजूनं लढली. तिला औरंगजेबानं 'रायबागन' किताब दिला, म्हणजे राजवाघीण. फेब्रुवारी 1661 मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडीत धरलं तेव्हा ती खानाबरोबर होती, आणि शरण जा, हा शहाणा सल्ला तिनंच दिला. रेणुकेच्या गावची बाई शत्रूच्या गोटात होती हे पाठ्यपुस्तकाला अडचणीचं वाटतं, पण इतिहास सोयीनं घडत नाही.

साडेतीन शक्तिपीठं म्हणजे नेमकं काय? तीन आणि अर्धं कसं? स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे, पण हे परीक्षेसाठी नाही, खरंच जाणून घ्यायचंय.
– एक विद्यार्थी, अजनी

खरंच जाणून घ्यायचंय म्हणालास म्हणून सविस्तर. परीक्षेसाठी असतं तर चार नावं लिहून मोकळी झाले असते: कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि अर्धं पीठ वणीची सप्तशृंगी.

आधी एक घोळ सोडवू. सतीचा देह घेऊन शंकर फिरले, विष्णूनं सुदर्शनानं त्याचे तुकडे केले आणि जिथे ते पडले तिथे पीठ झालं, ही 51 पीठांची कथा. तिची यादी निराळी. आपली साडेतीन ही महाराष्ट्राची स्वतःची मांडणी आहे. कोल्हापूर दोन्हीकडे येतं, म्हणून लोक सरमिसळ करतात आणि मग माहूरला सतीचं कुठलं अंग पडलं असं विचारत बसतात. माहूरचं माहात्म्य सतीच्या देहावर उभं नाहीच.

आता गंमत ऐक. देवीभागवताच्या सातव्या स्कंधात, देवीगीतेत, देवी हिमालयाला आपली आवडती ठिकाणं सांगते. सुरुवातच अशी: कोलापुरं महास्थानं यत्र लक्ष्मीः सदा स्थिता। मातुःपुरं द्वितीयं च रेणुकाधिष्ठितं परम्। तुलजापुरं तृतीयं स्यात् सप्तशृङ्गं तथैव च। पहिलं कोल्हापूर, दुसरं माहूर, तिसरं तुळजापूर, आणि सप्तशृंग 'तसंच'. चारही नावं एका दमात. पुढे हिंगुळा, ज्वालामुखी वगैरे लांबलचक यादी आहे. अभ्यासक देवीभागवत साधारण 9व्या ते 14व्या शतकाच्या दरम्यानचं मानतात, म्हणजे ही चौकडी तेव्हापासूनची. पण नीट बघ, श्लोकात अर्धं कुठेच नाही. सप्तशृंगी तिथे पूर्ण आहे.

अर्धं आलं ते लोकांच्या सांगण्यातून. सगळ्यात जास्त ऐकू येणारा खुलासा ॐकाराचा आहे, अकार, उकार, मकार ही तीन पीठं आणि वरची अर्धमात्रा म्हणजे सप्तशृंगी. तसं पाहिलं तर अर्धमात्रा कमी प्रतीची ठरत नाही, ती उच्चारापलीकडची मानतात. नाशिककरांना हे सांगितलं की ते खूष होतात. मला स्वतःला वाटतं की आपल्या लोकांना साडेतीनची मुळात आवड आहे. मुहूर्त साडेतीन, पीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. पूर्णात थोडं शिल्लक ठेवायची सवय आहे आपल्याला.

मूर्तींचं मात्र बघण्यासारखं आहे. चारही ठिकाणी देवीचं शरीर वेगळं. कोल्हापूरची अंबाबाई घडीव दगडी मूर्ती, चार हात, खालच्या उजव्या हातात म्हाळुंगाचं फळ, वर गदा, डाव्या बाजूला ढाल आणि पानपात्र. धामधुमीच्या काळात ती मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती आणि 1715 च्या दसऱ्याला पुन्हा देवळात बसवली. तुळजापूरची भवानी चल मूर्ती आहे, जागेवरून उचलता येते, म्हणून तिला पलंगावर निजवतात. सप्तशृंगी डोंगराच्या कड्यातली, अठरा हातांची. तिच्यावरचा शेंदराचा जाड थर 2022 साली उतरवला तेव्हा खालचे बारकावे पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. आणि माहूरला फक्त मुख. एक घडवलेली, एक उचलता येणारी, एक कड्याला चिकटलेली, एक जमिनीतून अर्धवट वर आलेली. परीक्षेत कुणी हे विचारणार नाही, पण चारही ठिकाणी गेलास तर डोळे उघडे ठेवून जा.

पुराणातल्या गोष्टी खऱ्या की खोट्या? कृपया हो किंवा नाही एवढंच उत्तर द्या. फापटपसारा नको.
– एक निवृत्त अभियंता, बजाजनगर

साहेब, नोकरीत असताना पुलाच्या फाइलवर तुम्ही नुसतं 'हो' लिहून सही केली होती का कधी? नाही ना. मग माझ्याकडून का?

आमच्याकडे लग्नाआधी अमरावतीला एकवीरेची आणि अंबादेवीची ओटी भरतात. जाऊबाई म्हणतात एकवीरा तर कार्ल्याला असते, कोळ्यांची. माहूरच्या रेणुकेलाही एकवीरा म्हणतात. एकाच देवीची ही ठिकाणं का?
– एक वाचक, धरमपेठ

जाऊबाईंचं बरोबर आणि तुमचंही. परशुरामासारखा एकच वीर जिच्या पोटी आला ती एकवीरा, म्हणून रेणुकेला हे नाव जुन्या काळापासून आहे. अठरा पीठांचं जे स्तोत्र शंकराचार्यांच्या नावानं म्हणतात त्यात 'कोल्हापुरे महालक्ष्मी माहूर्ये एकवीरिका' असंच येतं, रेणुका हा शब्द नाही. नाव एक झालं की ठिकाणं नातेवाईक होतात. कार्ल्याची एकवीरा बौद्ध चैत्यगृहाच्या अगदी दाराशी आहे, धुळ्याची पांझरेच्या काठी आहे, अमरावतीची अंबादेवीच्या शेजारी. प्रत्येकीचे भक्त वेगळे, नैवेद्य वेगळे, आणि प्रत्येकजण म्हणतो की मूळ आमचीच. यात पडू नये.

अमरावतीच्या अंबादेवीचं मात्र वेगळं आहे, तिथे रुक्मिणी येते. भागवतात रुक्मिणी कृष्णाला पत्र पाठवते त्यात व्यवहाराचं बोलते ती. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी नगराबाहेर देवीला जाते, तेव्हा तिथे ये आणि मला घेऊन जा. बायकांनो, पुराणातलं हे पहिलं नीट आखलेलं पळून जाणं, आणि मुहूर्त ओटी भरण्याचा! भागवत फक्त विदर्भातलं कुंडिन नगर सांगतं. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर ते हेच आणि अंबिकेचं देऊळ म्हणजे अमरावतीचं, हे आपण वऱ्हाडकरांनी पक्कं केलं. मधे भुयार होतं असंही म्हणतात. म्हणजे तुमच्या घरची लग्नाआधीची ओटी हा रुक्मिणीचाच रिवाज झाला, कृष्ण तेवढा बाहेर रथ घेऊन उभा नसतो.

त्याच अंबादेवीच्या दारात 1927 साली निराळीच ओढाताण झाली हेही लिहिते, कारण देवीच्या माहात्म्यात ते कुणी छापत नाही. अस्पृश्यांना देवळात प्रवेश हवा म्हणून अमरावतीत चळवळ उभी राहिली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. जुन्या देवळाचा इतिहास म्हणजे नुसते यादव आणि शेंदूर नव्हे. दारात कुणाला थांबवलं, हाही इतिहासच.

कोराडीची देवी सकाळी मुलगी, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी म्हातारी दिसते म्हणतात. मी संध्याकाळी गेले तर मला दुपारसारखीच दिसली. माझ्या भक्तीत कमी आहे का?
– एक वाचक, मानकापूर

काही कमी नाही बाई. भक्ती ही नजरेची तपासणी नव्हे.

कोराडीची कथा तुम्हाला ठाऊक असेल, छिंदवाडा रोडवर राहणाऱ्यांना ती असतेच. झोलन नावाच्या राजाला सात मुलगे, पण मुलगी नाही. त्यानं यज्ञ केला, देवी मुलगी होऊन आली, पुढे अडीअडचणीत बापाला वाट दाखवत राहिली, आणि सूर्य जिथे मावळला तिथे थांबली. ते ठिकाण कोराडी. सात मुलगे असूनही मुलीसाठी झुरणारा राजा आपल्या पुराणकथांत फार सापडत नाही. मला ही कथा त्याच्यासाठीच आवडते. औष्णिक केंद्राच्या चिमण्या एका बाजूला धूर सोडत असतात आणि दुसऱ्या बाजूला तळ्याकाठी ही मुलगी सूर्यास्ताला थांबलेली.

सूर्य मावळायला थांबलेल्या देवीला दिवसाच्या तीन वेळांची तीन रूपं मिळाली यात नवल नाही. पण हे एकट्या कोराडीचं नाही. उत्तराखंडात अलकनंदेच्या काठी धारी देवी आहे, तिच्याबद्दल हुबेहूब हेच सांगतात. आणि मूळ तर तुमच्या घरातच असेल, आजोबा संध्या करत असतील तर. त्रिकाळ संध्येत गायत्रीचं ध्यान तीन वेळा बदलतं. सकाळी बाला, तिचं नाव गायत्री. दुपारी युवती, सावित्री. संध्याकाळी वृद्धा, सरस्वती. पळी-पंचपात्र घेऊन बसणाऱ्यांनी जे मंत्रात म्हटलं तेच गावच्या बायकांनी गाभाऱ्यात पाहिलं. कुणी कुणाकडून घेतलं याचा हिशेब मी करत नाही.

पुन्हा जाल तेव्हा गाभाऱ्यातला उजेड आणि शृंगार, दोन्हीकडे बघा. दगड तोच राहतो. सकाळी अभिषेकानंतर ओला, स्वच्छ चेहरा असतो, दुपारी मळवट आणि दागिन्यांचा भार, संध्याकाळी समईच्या उजेडात डोळ्यांखाली सावली पडते. हे माझं बघणं. तुमचं वेगळं असू शकतं.

आईचं वय झालंय, गुडघे गेलेत, तरी माहूरला न्या म्हणून हट्ट धरून बसलीय. नेऊ का? आणि तिथला तांबूल तिला फार आवडतो, तो घरी करता येईल का?
– एक लेक, नंदनवन

न्या. नवरात्राच्या नऊ दिवसांत मात्र नको, तेव्हा रांगेतच माणूस गळून जातो. कोजागिरी उलटली की गर्दी ओसरते. नागपूरहून वर्धा, यवतमाळ, आर्णी असं उतरायचं. धनोड्याला पैनगंगा ओलांडली की विदर्भ मागे राहतो आणि मराठवाडा सुरू होतो. पहाटे निघा, यवतमाळला चहा-नाश्ता करा, आईला मधे उतरवून पाय मोकळे करू द्या. पायऱ्या चढवल्या नाहीत तर पहिल्या पायरीला हळदकुंकू वाहून, तिथेच ओटी ठेवून हात जोडू द्या. वर तुम्ही जा. पायरीची पूजा देवीला पोचते असं आमच्या आजेसासूबाई ठामपणे सांगत, आणि त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

तांबूल घरी होतो. माहूरला विडा देवीला कुटून देतात. गडाच्या वाटेवर दुकानांतून खलबत्त्यांची ठकठक चाललेली असते, हिरव्या पानांचा लगदा कात आणि चुना पडला की बघता बघता विटकरी होत जातो, आणि बडीशेप-वेलचीचा वास पार पायऱ्यांपर्यंत येतो. नागवेलीची पानं शिरा काढून चिरून घ्या. सुपारी आधी बारीक कुटा, नाहीतर दाताखाली खडे येतात. मग कात, बोटाच्या टोकावर येईल एवढाच चुना, बडीशेप, वेलची, लवंग, हवं असल्यास किसलेलं सुकं खोबरं आणि गुलकंद. मिक्सरला लावू नका, पाणी सुटतं आणि चव उतरते. पानं रामटेककडची मिळाली तर उत्तम, तिथले पानमळे जुने नावाजलेले. आईला साखरेचा त्रास असेल तर गुलकंद वगळा.

दात नसलेल्या म्हातारीलाही खाता यावा असा हा प्रसाद आहे. थोडा जास्तच करा, शेजारी वाटायला लागतो.